सिन्नरच्या मैदानावर आम्ही अण्णांना शाल पांघरली

रफिकचा एसएमएस आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये गार उपमा गिळत होतो. "शुक्रवारी सेमी निफाड. रविवारी फायनल सिन्नर. अण्णा जाणार म्हणतात. लवकर ये." सेमीच अजून व्हायची होती, पण रफिकच्या डोक्यात आम्ही फायनलला पोचलेलोही होतो. ते त्याचं नेहमीचंच. मी अडकलो तो तिसऱ्या वाक्यात. उपमा तसाच ठेवला आणि साहेबांकडे जाऊन गुरुवार ते शनिवार रजा मागितली. "घरचंच काम आहे," म्हणालो. बायकोला मात्र खरं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे घरचंच की."

आता अण्णा कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. नाशिकरोडला आमचा एक फुटबॉल क्लब आहे, दारणाकाठ इलेव्हन. जिल्ह्याबाहेर आम्हाला कुणी ओळखत नाही आणि जिल्ह्यातसुद्धा टीव्हीवर क्रिकेट नसेल त्या दिवशीच ओळखतात. अण्णा या क्लबचे मॅनेजर. मॅनेजर म्हणजे टीम निवडणारे, सराव घेणारे, बॉलमध्ये हवा भरणारे आणि कुणाचा पाय मुरगळला तर त्यावर हळदीचा लेप लावणारे, सगळं एकच माणूस. एरवी ते फुलं पिकवतात. चेहेडीच्या पुढे नदीच्या अंगाला त्यांचा दीड एकर मळा आहे. शेवंती, झेंडू आणि बांधाला गिलक्यांचे वेल. सकाळी फुलं बाजारात घालायची, दुपारी झाडांना पाणी द्यायचं आणि साडेचारला सायकलच्या हँडलला बॉलची जाळी अडकवून मैदानावर हजर व्हायचं, असं पंधरा वर्षं चालू होतं. या कामाचा त्यांना पगार नाही.

आणि आता सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीनं त्यांना बोलावलं होतं. कंपनीची टीम सांभाळा, पक्की नोकरी देतो. अण्णांनी हो म्हटलं की नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं. ते कळावं आणि जमलं तर अण्णांनी राहावं, एवढ्यासाठी मी हा प्रवास केला. द्राक्षं, देऊळ आणि भजी हे सगळं वाटेत आलं म्हणून लिहितोय.

पुण्याहून जाणाऱ्यांसाठी: शिवाजीनगरहून नाशिकची एसटी सारखी मिळते. कंडक्टर पाच तास म्हणतो, तुम्ही सहा धरा. दुपारची गाडी असेल तर डावीकडची खिडकी घेऊ नका, सगळं ऊन तिकडून येतं. गाडी नारायणगावला थांबते. तिथे वडापाव खा, पण चहा पिऊ नका, मी पीत आलोय म्हणून सांगतो. संगमनेर सोडलं की झोप लागते आणि सिन्नर आलं की कुणीतरी पायावर पिशवी ठेवून उठवतं. गुरुवारी संध्याकाळी नाशिकरोडला ताईच्या घरी पोचलो. ताईनं पिठलं-भाकरी वाढली आणि म्हणाली, "दोन पोरांचा बाप झालास, अजून फुटबॉलच?" मी म्हणालो, "अण्णा चाललेत." मग तिनं न विचारता आणखी एक भाकरी ताटात टाकली. तिचा धाकटा दीर अण्णांच्याच हाताखाली खेळलेला.

शुक्रवारी सकाळी मिसळ. नाशिकला येऊन मिसळ न खाता कुणी परत गेला तर त्याला त्याच्या घरच्यांनी पुन्हा पाठवावं. काळा रस्सा, वर कांदा, शेजारी दही आणि एक भाजका पापड. पंधरा रुपयांत संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही. तिथेच रफिक जीप घेऊन आला. ही जीप म्हणजे काळी-पिवळी, एरवी नाशिकरोड-सिन्नर फेऱ्या मारते आणि तिच्यात पंधरा माणसं कोंबतात. आम्ही अकराच होतो, त्यामुळे सगळ्यांना आपण लग्नाला निघालोय असं वाटत होतं. पुढे रफिकशेजारी वाघकाका. हे रेल्वेतून निवृत्त झालेले, बाराही महिने गळ्यात मफलर आणि प्रत्येक मॅचनंतर "मी म्हणालोच होतो" हे वाक्य. टीम अण्णांबरोबर टेम्पोतून पुढे गेली होती.

औरंगाबाद रस्त्याला लागलो की चांदोरीपासून दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा सुरू होतात. जानेवारीत गेलात तर मण्यांत साखर उतरायला लागलेली असते आणि रस्त्याकडेला शेतकरीच पाट्या मांडून बसलेले असतात. भाव करू नका, ते आपणहून चार मणी जास्त टाकतात. पण त्या दिवशी बागांकडे कुणी बघत नव्हतं. जीपमध्ये एकच विषय चालू होता.

"बाकीच्या टीमचं कसं असतं," वाघकाका मफलर सारखा करत म्हणाले, "चार मागे, चार मध्ये, दोन पुढे. एकदा ठरलं की ठरलं. आपले अण्णा तसे नाहीत. अण्णा आधी मोजतात, आज आलंय कोण."

हे अगदी खरं. आमची निम्मी पोरं कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करतात. कुणाची पहिली पाळी, कुणाची दुसरी. त्यामुळे सलग दोन सामन्यांना तेच अकरा जण कधीच नसतात. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. अण्णांनी त्याचीच पद्धत केली. ज्याला दोन जागा खेळता येत नाहीत त्याला टीममध्ये घ्यायचंच नाही. बॅक खेळणाऱ्याला फॉरवर्ड यायला हवं, फॉरवर्डला वेळ पडली तर गोलमध्ये उभं राहता आलं पाहिजे.

"अण्णांची सिस्टिम एकच," रफिक स्टिअरिंगवर थाप मारत म्हणाला. "सिस्टिमच नाही! समोरच्याला काय खाक समजणार? अपनेकोच नाही समजत."

"आणि हे सगळं आता कंपनीला फुकटात मिळणार," मागून कुणीतरी म्हणालं.

"फुकटात कसं?" वाघकाका म्हणाले. "ते पगार देणार. फंड देणार. आपण काय देतो अण्णांना? कोणत्या तोंडानं सांगायचं, थांबा म्हणून?"

रफिकनं गिअर बदलला आणि सायखेडा फाटा मागे पडला.

निफाडचं मैदान गावाबाहेर, एका अंगाला ऊस आणि दुसऱ्या अंगाला द्राक्षबाग. आम्ही पोचलो तेव्हा अण्णा चपला हातात घेऊन मैदानावर अनवाणी फिरत होते. पन्नाशी उलटलेला, बारीक अंगाचा माणूस, पांढरा शर्ट पँटच्या बाहेर, टोपीखालून कान बाहेर आलेले. पूर्ण फेरी मारून ते पोरांजवळ आले आणि म्हणाले, "उसाच्या अंगाला पाटाचं पानी झिरपलंय. वरनं कोरडं दिसतंय, खाली मऊ हाय. तिकडनं बॉल जमिनीवर न्यायचा नाय, अडकल."

समोर मनमाडची टीम होती, एकेक जण सहा फुटी. त्यांनी विसाव्या मिनिटाला डोक्यानं गोल केला. हाफ टाइमला आम्ही सगळे दोरीपलीकडे नखं खात उभे. अण्णांनी दगूला बोलावलं. दगू आमचा बॅक, मार्केट यार्डात भाजीची पोती उचलतो, उंची आणि खांदे तसेच. "दगू, आता म्होरं उभा ऱ्हा," अण्णा म्हणाले, "आन् बॉलमागं धावू नको. त्यांचे उंच गडी कुठं उभे ऱ्हातात ते बघ, त्यांच्या मधी घूस." मग तीन फॉरवर्डमधले दोन मागे आले. गोल हवा असताना फॉरवर्ड मागे, हे बघून वाघकाकांनी डोळेच मिटून घेतले. पण दोन उंच बॅक दगूलाच चिकटून बसले आणि मागून येणाऱ्या आमच्या बुटक्या पोरांना मैदान मोकळं मिळालं. दोन-एकनं जिंकलो. दुसरा गोल द्राक्षबागेच्या अंगानंच आला, कोरड्या बाजूनं. "मी म्हणालोच होतो," वाघकाका डोळे उघडून म्हणाले.

माझ्या शेजारी एक द्राक्षबागाईतदार उभे होते, हातात घड, मधूनमधून मला चार मणी देत. ते म्हणाले, "ह्यो तुमचा टोपीवाला मास्तर लय चाप्टर हाय वो."

"आमचे मॅनेजर आहेत."

"मंग सांभाळा त्यांना. असा मानूस एका गावात ऱ्हात नाय. कोनी ना कोनी घेऊन जातं."

मला ती द्राक्षं एकदम आंबट लागली. परतताना टेम्पोत जागा नव्हती म्हणून अण्णा आमच्या जीपमध्ये आले. तासभर आम्ही दगूवर, पाटावर, मनमाडवर बोललो. सिन्नरचं नाव कुणी काढलं नाही. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कुणीतरी विचारेल.

शनिवार मोकळा होता. फायनलच्या आधी अण्णा त्र्यंबकेश्वरला जातात, हा त्यांचा नेम. रफिकनं जीप काढली, आम्ही चौघं निघालो. तुम्ही जाणार असाल तर नाशिकहून एसटी दर वीस मिनिटांनी आहे, पाऊण तास लागतो. अंजनेरी ओलांडलं की डोंगर जवळ येतात आणि हवा गार होते, एक स्वेटर ठेवा. सकाळी आठच्या आत पोचलात तर रांग छोटी. आम्ही दहाला पोचलो, त्यामुळे दीड तास उभं राहिलो. बाहेर पूजा सांगणारे मागे लागतात. नको असेल तर हसून नको म्हणा, वाद घालू नका.

रफिक आणि वाघकाका बाहेर थांबले. काकांना गुडघ्यामुळे उभं राहवत नाही. म्हणजे रांगेत अण्णा आणि मी दोघंच. दीड तास. मी शाळेत होतो तेव्हा अण्णा आमच्या घरी शेवंतीच्या पुड्या द्यायचे, तेव्हापासून मी त्यांना ओळखतो. तरी त्या रांगेत माझी जीभ उचलेना.

"देवाकडे काय मागता हो अण्णा?" मी उगीच विचारलं. "जिंकू दे म्हणून?"

"छे रे. त्यांच्याबी बायकापोरं हितंच येत असतील ना मागायला." अण्णा हसले. "मी नुसता उभा ऱ्हातो. गर्दीत उभं ऱ्हायलं का डोकं चालतं. उद्याची टीम मला हितंच सुचती."

मग ते फुलांवर बोलायला लागले. दसऱ्याला सगळे झेंडू लावतात, भाव पडतो, लोक रडतात. अण्णा झेंडू थोडाच ठेवतात, बाकी शेवंती. पुढच्या वर्षी सगळे शेवंती लावतील तर मग गिलकी. "बाजार बघून पाटी भरायची," ते म्हणाले, "हट्ट नाय धरायचा." मला वाटलं, हीच वेळ. घसा साफ केला आणि म्हणालो, "अण्णा, ते सिन्नरचं काय म्हणतात लोक..."

अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं. टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला. "हां, बोलावलंय त्यांनी. तुझं काय म्हननं?"

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "तुम्ही ठरवाल ते योग्यच असेल अण्णा."

आपल्याकडे मोठ्या माणसाला असंच उत्तर देतात. मलाही त्या वेळी ते फार समंजस वाटलं. अण्णा "हं" म्हणाले, टोपी घातली आणि रांग पुढे सरकली.

दर्शन झाल्यावर अण्णा कुशावर्ताकडे गेले आणि आम्ही तिघं टपरीवर चहा घेत बसलो. मी झालेलं सांगितलं. रफिक वैतागला. "अरे यार, सीधा बोलना था ना!" "मग तू बोल," मी म्हणालो. रफिक चहात बघायला लागला.

तेव्हा वाघकाकांनी ती कल्पना काढली. "सत्कार करू," ते म्हणाले. "उद्या, फायनलनंतर, तिथेच मैदानावर. शाल, फेटा, हार, मानपत्र. चारचौघांत शाल पांघरून घेतली की माणूस बांधला जातो. मग दुसरीकडे कसा जाईल? डोळ्यांची लाज असते."

खोटं कशाला बोलू, मला ती कल्पना अफलातून वाटली. मागायचंही नाही आणि मिळणारही. रफिकनं तर टाळीच दिली. मानपत्राचं काम माझ्याकडे आलं, कारण शाळेत मला निबंधाचं बक्षीस मिळालं होतं आणि हे मीच पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय.

संध्याकाळी ताईच्या जेवणाच्या टेबलावर बसून मानपत्र लिहिलं. पंधरा वर्षांची सेवा, मातीशी नातं, खेळाडू घडवणारे हात, सगळं आलं. शेवटी मी लिहिलं होतं, "अण्णा, आपण आम्हाला सोडून जाऊ नये, ही कळकळीची विनंती." वाघकाका चष्मा लावून वाचत होते, तिथे थांबले. "मानपत्रात असं मागणं करतात का कधी? सत्कारमूर्तीला अवघडल्यासारखं होतं. काट ते." मी काटलं. मग शेवट मोकळा राहिला, तर काका म्हणाले, "नेहमीसारखंच घाल ना. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा." मी घातलं. कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडे समया काढलेली तयार चौकट होती. त्यानं मजकूर तिच्यात बसवला आणि सकाळपर्यंत लॅमिनेशन करून दिलं.

रविवारी सिन्नर. नाशिकरोडहून काळी-पिवळीनं पाऊण तास. जेवणाची वेळ गाठली तर बाजारात बाजरीची भाकरी आणि शेव-भाजी मिळेल, तिखटाला जपून. मैदानाबाहेर एका गाडीवर कांदाभजी इतकी चांगली होती की मॅच नसती तरी मी तिच्यासाठी आलो असतो. हार आम्ही सकाळी नाशिकच्या फुलबाजारातून आणला होता, भरगच्च पिवळ्या शेवंतीचा, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून जीपमध्ये ठेवला होता.

समोर कंपनीची टीम. होय, तीच कंपनी. सगळ्यांचे बूट सारखे, पाण्याच्या बाटल्या सारख्या, मंडपात त्यांचे एक साहेब गॉगल लावून बसलेले. आम्हाला वाटलं, अण्णा आज अवघडतील. अण्णांचं लक्ष आकाशाकडे होतं. टॉसला जायच्या आधी त्यांनी कॅप्टनला जवळ घेतलं. "जितलास तर बाजू निवड. आधीचं ऊन आपुन घेऊ. मागचं ऊन त्यांना देऊ."

पहिला अर्धा तास आम्ही जीव मुठीत धरून होतो. चारचं ऊन आमच्या गोलकीपरच्या डोळ्यांवर, म्हणून अण्णांनी दहाच्या दहा पोरं गोलसमोर आणून ठेवली. फॉरवर्ड कुणीच नाही. कंपनीचे लोक हसत होते. "हे काय फुटबॉल आहे का?" एक जण म्हणाला. रफिक त्याच्याकडे बघून म्हणाला, "रुको, अजून इंटरव्हल व्हायचाय." हाफ टाइमला बाजू बदलल्या. सूर्य खाली आला आणि थेट त्यांच्या गोलकीपरच्या तोंडावर. आता अण्णांनी दगूला मध्यावर उभं केलं आणि सांगितलं, जवळ जायचंच नाही, लांबून, उंच मारायचं. पहिले दोन फटके वरून गेले. तिसरा उन्हातून खाली आला तेव्हा गोलकीपर हात डोळ्यांवर धरून दुसरीकडेच बघत होता.

एक-शून्य. आम्ही मैदानात घुसलो. मला रडू आलं, सांगायला लाज नाही. कंपनीचे ते साहेबसुद्धा उठून टाळ्या वाजवत होते.

बक्षीस समारंभ झाल्यावर वाघकाकांनी माइक मागून घेतला. अण्णांना खुर्चीवर बसवलं, फेटा बांधला, शाल पांघरली, हार घातला. अण्णांनी हाराचं एक फूल बोटांत धरून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आपल्याच मळ्यातलं हाय." सगळे हसले. मग काकांचं भाषण झालं. अण्णांनी आमच्यासाठी काय काय केलं, कसं पाऊस-वारा न बघता केलं, आम्ही कधी विसरणार नाही. मी मानपत्र वाचलं, आवाज चढवत, शेवटच्या शुभेच्छांपर्यंत. टाळ्या थांबेनात.

अण्णांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, फेटा सांभाळत. "पोरांनी लय केलं," ते म्हणाले. "मला कदी वाटलं नव्हतं तुमी येवढं मनावर घ्याल. माझं काय चुकलंमाकलं आसंल तर पोटात घाला." मग माझ्या हातातून मानपत्र घेतलं, स्वतः एकदा वाचलं, बोट फिरवत. "तू लिव्हलंस?" "हो." "चांगलं लिव्हलंस." त्यांनी प्रत्येकाशी हात मिळवला, दगूला छातीशी धरलं, रफिकलासुद्धा. वाघकाका माझ्या कानात म्हणाले, "बघ, विरघळले. आता कुठे जात नाहीत." जीपमध्ये येताना आम्ही गाणी म्हटली.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं पुणे गाठलं आणि तडक ऑफिस. या वर्णनाचा मोठा भाग मी त्याच आठवड्यात लिहिला. शेवट असा होता: तीन दिवस, जायला-यायला एसटी, जीपमध्ये वाटणी, खाणंपिणं, सगळं मिळून सहाशेच्या आत. द्राक्षांची पेटी जपून आणा, माझी निम्मी चिरडली. आणि बरोबर काय आलं तर हे, की आपल्या माणसाची कदर केली तर तो आपल्याजवळ राहतो. ही ओळ मला इतकी आवडली होती की दोन मित्रांना फोनवर वाचून दाखवली.

गुरुवारी संध्याकाळी रफिकचा फोन आला. या वेळी एसएमएस नाही. "अण्णा एक तारखेपासून सिन्नरला," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी अण्णांच्या घरी फोन लावला. त्यांनीच उचलला.

"अण्णा, मी संजू. पुण्याहून."

"बोल रे. नीट पोचलास ना?"

"अण्णा, सिन्नरचं खरं आहे?"

"हां. तुमी येवढ्या थाटात निरोप दिलात, मंग मी तरी कशाला अडून बसू?"

"निरोप?"

"मंग? मी तर शनवारीच त्र्यंबकवरनं फोन करून त्यांना नाय म्हनून टाकलं व्हतं. म्हटलं, पोरं हायेत, मळा हाय, चाललंय ते बरं हाय. आन् रविवारी तुमी शाल घातली, त्या साहेबांच्या देखत. पुढल्या वाटचालीला शुभेच्छा दिल्या. मला भरून आलं बघ. म्हटलं, पोरांनी मन मोठं करून मोकळं केलं आपल्याला. तितंच साहेबांना सांगितलं, येतो."

मी म्हणालो, "अण्णा, तो सत्कार तुम्ही राहावं म्हणून होता. आम्हाला तुम्ही हवे होतात."

पलीकडून विहिरीवरची मोटर चालू असल्याचा आवाज येत होता.

"शब्द दिला रे आता," अण्णा म्हणाले. मग थोडं थांबून, अगदी हळू, "तीन दिवस बरोबर व्हतो आपन. जीपमधी, रांगेत, मैदानावर. तुला तर मी इचारलंबी व्हतं. एकानं तरी म्हनायचं."